टाक्यांत दडलेला शस्त्राचा पत्ता

वऱ्हाडातील अनेक जुन्या घरांत खंडेनवमीला कट्यारी, बिचवे, जंबिये पूजेसाठी बाहेर काढले जातात. ही शस्त्रे मूळची कोठली, याचा अंदाज बहुधा पाते आणि मूठ पाहून बांधला जातो. म्यानाच्या मागच्या अंगाची शिवण सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक ते शस्त्र कोणत्या मुलखात वावरले, याची साक्ष त्या शिवणीइतकी प्रामाणिकपणे दुसरे काही क्वचितच देते.

कोणतेही जुने शस्त्र ही एकाच हाताची निर्मिती नसते. पाते एका गावचे, मूठ दुसऱ्या गावची आणि म्यान तिसऱ्याच कारागिराचे, हा प्रकार मध्ययुगीन भारतात सर्रास होता. युरोपातून आलेल्या पात्यांना मराठी मुलखात ‘फिरंग’ म्हणत आणि त्यांवर देशी मुठी चढवीत. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली, ती याच जातीची आहे. तिचे पाते युरोपी घडणीचे, मूठ मराठा धाटणीची आणि पात्यावर रघूजींचे नाव देवनागरीत कोरलेले. लेख आहे म्हणून तिची ओळख पटली. सामान्य शिलेदाराच्या कट्यारीवर असा लेख नसतो. तेथे दुसऱ्या पुराव्यांकडे वळावे लागते आणि त्यांत म्यानाचा क्रम वरचा लागतो.

याचे कारण सरळ आहे. पोलादी पाते दोनशे वर्षे टिकते, विकले जाते, लुटीत जाते, नजराणा म्हणून दिले जाते. चामडे, कापड आणि दोरा यांचे आयुष्य तुलनेने अल्प. म्यान फाटले की ते जवळच्याच कारागिराकडून नव्याने मढवून घ्यावे लागे. त्यामुळे पाते उगमाची बातमी देते, तर म्यान वास्तव्याची. या दोन गोष्टींची गल्लत झाली की शस्त्राचा इतिहास चुकीचा लिहिला जातो.

पैनगंगेकाठची सरमिसळ

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील महागाव, पुसद, उमरखेड या पट्ट्यात विशेष गुंतागुंतीचा ठरतो. उत्तरेला वऱ्हाडचे पठार, दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे माहूर, हदगाव, हिंगोलीचा मुलूख. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल चाले. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडला आणि तो निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. तेव्हापासून पैनगंगेच्या एका तीराला इंग्रजी अंमल, तर दुसऱ्या तीराला निजामी, अशी स्थिती इंग्रजी राजवटीच्या अखेरीपर्यंत राहिली.

या प्रत्येक सत्तेबरोबर निरनिराळे शिपाई आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची शस्त्रे. मराठा शिलेदारांचे बिचवे व कट्यारी तर येथल्याच. दक्षिण अरबस्तानातील हद्रामौत प्रांतातून आलेले अरब निजामाच्या आणि भोसल्यांच्या चाकरीत होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर डिसेंबर १८१७ मध्ये नागपूर शहर काही दिवस लढवले ते याच अरबांनी. महागावच्या आणखी जवळचे उदाहरण जानेवारी १८१९ चे. हटकर सरदार नोवसाजी नाईक यांनी निजामाच्या कवायती फौजेशी उमरखेड परिसरात सामना केला आणि पुढे हदगावच्या बाजूच्या, इंग्रजी कागदांत ‘नोवा’ म्हणून नोंदलेल्या गढीचा आश्रय घेतला. त्या गढीतील शिबंदीत अरबांचा मोठा भरणा होता. रोहिले हेही निजामी मुलखातील नित्याचे शिपाई. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तेथे इंग्रजी पद्धतीचे चर्मसाहित्य वापरात होते.

साहजिकच या पट्ट्यातील एखाद्या घरात जंबिया निघाला, तर तो थेट अरबस्तानातून आला, हैदराबादेत घडला, की एखाद्या अरब शिपायाच्या मृत्यूनंतर स्थानिक माणसाच्या हाती जाऊन येथेच नव्याने मढवला गेला, हे केवळ पात्याच्या वळणावरून सांगता येत नाही. तेथे शिवण पाहावी लागते.

म्यानाची घडण

देशी खंजिराचे म्यान बहुधा लाकडाच्या दोन पातळ फळ्यांचे असते. फळ्या आतून पात्याच्या आकाराने कोरून सरसाने जोडतात. वरून कातडे, मखमल किंवा किनखाब चढवतात. तोंडाशी बसवलेल्या धातूच्या पट्टीला मोहनाळ आणि टोकाकडील टोपणाला तहनाळ म्हणतात. कातडे ओले असताना ताणून बसवले जाते. वाळल्यावर ते आकसून लाकडाला घट्ट चिकटते. कातड्याच्या दोन कडा जेथे भेटतात तेथे शिवण येते आणि ती दर्शनी बाजूस दिसू नये म्हणून अंगाकडील बाजूस ठेवली जाते.

हे काम लोहाराचे किंवा शिकलगाराचे नव्हे. महाराष्ट्रात घोड्यांची खोगिरे व जीन करणाऱ्या जीनगरांचा या कामाशी निकटचा संबंध होता. जीन शिवणाऱ्याचा हात म्यानावर चालला की खोगिरावरचा टाका म्यानावर उतरे. टाका ही सवय आहे, शोभा नव्हे. नक्षी गिऱ्हाइकाच्या मर्जीनुसार बदलते, पण आरी धरण्याची, दोरा ओढण्याची आणि गाठ मारण्याची रीत कारागीर लहानपणी शिकतो आणि ती जन्मभर बदलत नाही. शिवणीला पुराव्याचे मोल येते ते यामुळे.

शिवण कशी वाचावी

जाणकार प्रथम शिवणीची जागा पाहतात. ती पाठीच्या मध्यावर आहे, एका कडेला आहे, की दोन्ही कडांना आहे? लाकडी गाभ्याच्या म्यानात पाठीवर एकच शिवण पुरते. गाभा नसलेल्या, केवळ जाड कातड्याच्या म्यानाला कडेची किंवा पाठीची मजबूत शिवण लागते.

दुसरा मुद्दा सांध्याचा. कातड्याच्या कडा एकमेकींना भिडवून शिवल्या आहेत, एकीवर दुसरी चढवली आहे, की दोन्ही आत दुमडल्या आहेत, हे पाहावे. भिडवून शिवलेला सांधा सपाट बसतो. त्यासाठी आरी कातड्याच्या पृष्ठभागातून शिरून कडेतून बाहेर काढावी लागते. हे कसबी हाताचे लक्षण.

तिसरा मुद्दा टाक्याच्या जातीचा. धावदोऱ्यात दोरा एकाआड एक दिसतो. उलट टिपेत दर्शनी बाजूस सलग रेघ आणि आतल्या बाजूस दोरे एकमेकांवर चढलेले दिसतात. खोगिराच्या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सुयांनी त्याच छिद्रातून समोरासमोर नेतात, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखीच सलग रेघ उमटते. तिचा एक टाका तुटला तरी शेजारचे टाके निसटत नाहीत. कडेवरून गुंडाळत नेलेला तिरका टाका कापडी आवरणांवर अधिक दिसतो. आकड्याच्या आरीने घातलेल्या साखळी टाक्याची ओळख सर्वांत सोपी. कच्छच्या मोची कारागिरांनी तो आधी कातड्यावर आणि मग कापडावर भरतकामासाठी नावारूपाला आणला.

चौथा मुद्दा छिद्राचा. गोल आरीचे छिद्र गोल, पैलूदार आरीचे शंकरपाळ्यासारखे, तर चपट्या धारेचे छिद्र चिरेसारखे दिसते. छिद्रांमधील अंतरही मोजावे. युरोपी चर्मकार दातेरी चाकाने आधी समान अंतराच्या खुणा पाडीत, त्यामुळे तेथील टाके ओळीने उभे केल्यासारखे दिसतात. नजरेच्या अंदाजाने घातलेल्या टाक्यांत बारीक चढउतार राहतात.

पाचवा मुद्दा दोऱ्याचा. भारतात सूत आणि रेशीम, युरोपात जवसाच्या झाडाच्या तंतूचा लिननचा दोरा, तर पशुपालक समाजांत जनावरांच्या स्नायूंची तात किंवा कातड्याची बारीक वादी असा साधारण भेद आहे. त्याखेरीज पीळ पाहतात. रोमन लिपीतील ‘एस’ आणि ‘झेड’ या अक्षरांच्या मधल्या तिरक्या रेघेवरून पिळाच्या दोन दिशांना नावे पडली आहेत. ही कसोटी किती उपयोगी पडते याचा दाखला इजिप्तमध्ये मिळतो. तांबड्या समुद्राच्या काठावरील बेरेनिके या प्राचीन बंदराच्या उत्खननात निघालेल्या सुती कापडांपैकी भारतीय कापड वेगळे काढताना सुताचा पीळ हा मोठा आधार ठरला. भारतीय सूत प्रामुख्याने ‘झेड’ पिळाचे, तर इजिप्तमधील स्थानिक सूत ‘एस’ पिळाचे होते. म्यान शिवण्याचा दोरा मात्र अनेक पदरी असतो. पदर एकत्र वळताना बहुधा उलटा पीळ देतात, म्हणून पदर उकलून आतल्या एका पदराचा पीळ पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

काही ठळक घराणी

दख्खनी कट्यारीचे म्यान सरळ व निमुळते, तर बिचव्याचे त्याच्या दुहेरी वळणाप्रमाणे बाकदार असते. आवरण कातड्याचे असेल तर पाठीवर सलग शिवण असते. मखमलीचे असेल तर शिवण बारीक, तिरक्या टाक्यांची असते आणि पुष्कळदा तिच्यावर जरीची किंवा गोटाची पट्टी बसवून ती झाकलेली असते. अशी पट्टी सुटलेली दिसली तर तिच्या खालचे टाके अवश्य पाहावेत. तेथे ऊन, घाम आणि हात न लागल्याने मूळ दोऱ्याचा रंग शाबूत राहतो.

इराण आणि तुर्कस्तानकडील उंची म्यानांवर दाणेदार कातडे आढळते. घोडा किंवा गाढव यांच्या पुठ्ठ्याच्या कातड्यापासून ते तयार करीत आणि पुष्कळदा हिरवे रंगवीत. तुर्की म्यानांची पाठीवरची शिवण कित्येकदा दोऱ्याऐवजी पिळलेल्या तारेने केलेली असते. तार दिसली की दख्खनच्या पलीकडे नजर टाकावी. अफगाण सुऱ्याचे म्यान खोल असते. मुठीचाही काही भाग त्यात बुडतो, त्यामुळे तोंडाकडील कातडे सैल पडून शिवण आधी तेथे उसवते. रोहिल्यांच्या शस्त्रांत ही खूण तपासण्याजोगी आहे.

अरबी जंबियाचा प्रकार निराळा. ओमानी खंजिराचे म्यान जवळजवळ काटकोनात वळते. त्याच्या मधल्या कातडी भागावर चांदीच्या तारेचे भरतकाम असते आणि पट्ट्याला जोडणाऱ्या कड्या ठरावीक संख्येत असतात. या कारागिरीचा समावेश युनेस्कोने २०२२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. येमेनी म्यान आकड्यासारखे वळते आणि त्यावर रंगीत, बहुधा हिरवी, चामडी पट्टी गुंडाळलेली असते. हद्रामौतचे चांदीचे म्यान तर टोकाशी पार वर वळलेले असते. पैनगंगेकाठच्या जंबियाचे म्यान या वळणांना न जुमानता साधे असेल, त्यावर बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कमावलेले देशी कातडे आणि सुती दोऱ्याची पाठशिवण असेल, तर ते म्यान तरी भारतात मढवले गेले, असे मानण्यास जागा आहे.

नेपाळी खुकरीच्या म्यानाची शिवण पाठीच्या मध्यातून जाते आणि मागेच दोन छोट्या सुऱ्यांचे खण असतात. इंग्रजी लष्करी धाटणीच्या चाकूच्या म्यानाला पुष्कळदा लाकडी गाभा नसतो. जाड कातडे, लिननचा दोरा आणि समान अंतराचे टाके ही त्याची लक्षणे. श्रीलंकेच्या कोरीव लाकडी म्यानांवर किंवा कोडगूच्या चांदी जडवलेल्या म्यानांवर शिवण जवळजवळ नसतेच. तेथे टाक्याचा अभाव हीच खूण.

काळ सांगणाऱ्या खुणा

शिवण केवळ प्रदेश नव्हे, तर काळही सांगते. शिवणयंत्राचा टाका दोन स्वतंत्र दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा वरच राहतो, खालचा खाली, आणि दोघे कातड्याच्या जाडीत एकमेकांना अडकतात. एलियास होवे यांचे एकस्व १८४६ चे आणि आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे. त्यामुळे असा टाका असलेले म्यान पेशवाईतले असू शकत नाही, मग पाते कितीही जुने असो.

रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांच्या जांभळ्या रंगाने झाली. म्हणून भडक जांभळी मखमल संशयास्पद समजावी. क्षारांनी कमावलेल्या क्रोम कातड्याची कड करड्या-निळसर छटेची दिसते. हे तंत्र भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये रुजले. नायलॉनचा दोरा १९३८ नंतरचाच. दोऱ्यावर अतिनील प्रकाश टाकल्यास निळसर-पांढरी झळाळी आली, तर त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रचारात आलेली शुभ्रक रसायने असण्याचा संभव असतो. सरसाऐवजी पांढरा डिंक आढळला तर स्वातंत्र्योत्तर दुरुस्ती समजावी. आज घरोघरी ठाऊक असलेला फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला.

प्रयोगशाळाही मदतीला येते. कातड्यातील प्रथिनांच्या पृथक्करणातून ते बकरीचे, गायीचे की अन्य जनावराचे हे कळते. कार्बन-१४ पद्धत मात्र सतराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या वस्तूंबाबत फार सूक्ष्म उत्तर देत नाही. तिचा खरा उपयोग १९५५ नंतरची नक्कल पकडण्यासाठी, कारण अणुचाचण्यांमुळे वातावरणातील या कार्बनचे प्रमाण तेव्हापासून वाढले आणि त्याची खूण नव्या कातड्यात उतरली.

पुराव्याची सीमा

टाक्यावरून एखाद्या गावाचे नाव छातीठोकपणे सांगणारा विक्रेता भेटला, तर सावध राहावे. कारागीर स्थलांतर करीत, फौजेबरोबर फिरत, परक्या नमुन्याची नक्कलही करीत. शिवाय म्यानांची अदलाबदल ही जुन्या बाजारातील नित्याची गोष्ट आहे. राजस्थानात आजही कट्यारी घडतात आणि त्यांतील काही जुन्या म्हणून विकल्या जातात. म्हणून म्यान आणि पाते एकमेकांचेच आहेत का, ही कसोटी पहिली. पाते शेवटपर्यंत सहज बसते का, आतल्या लाकडावरचे गंजाचे डाग पात्यावरील गंजाच्या जागांशी जुळतात का, मोहनाळेची झीज मुठीच्या कडेशी मिळते का, हे पाहावे. कातडे जुने आणि दोरा नवा असेल तर रिकामी राहिलेली जुनी छिद्रे मोजावीत. मूळ शिवण गेली तरी छिद्रे तिचा आराखडा जपून ठेवतात.

आवरणाची साक्ष किती ग्राह्य धरावी, याचा अलीकडचा मोठा दाखला वाघनखांचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली गेली आणि प्रथम साताऱ्यात, पुढे २०२५ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातही ती मांडली गेली. साताऱ्याचे पहिले रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे ती आली होती. शिवाजी महाराजांशी त्यांचा संबंध सांगणारा मजकूर आहे तो त्यांच्यासाठी नंतर करवलेल्या पेटीवर. ही तीच वाघनखे असल्याची खातरजमा करणे शक्य नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. पेटी असो वा म्यान, आवरण आपल्या काळाची गोष्ट सांगते. आतल्या शस्त्राची गोष्ट त्याहून जुनी असू शकते.

घरात शस्त्र असेल तर

सर्वाधिक हानी होते ती भक्तिभावाने. पूजेच्या निमित्ताने पाते चिंचेने किंवा लिंबाने घासले जाते, जीर्ण म्यान टाकून नवे लाल मखमली म्यान करवले जाते आणि शस्त्राचा स्थानिक इतिहास केराबरोबर जातो. जुने म्यान वापरण्याजोगे नसले तरी टाकू नये. कातड्याला तेल लावू नये. ते तांबूस भुकटीसारखे झडत असेल तर हाताळणे थांबवावे. कमावलेल्या कातड्यातील आम्ल पात्याला गंजवते, म्हणून पाते व म्यान वेगळे, पण एकाच पेटीत, खुणेच्या चिठ्ठीसह ठेवावे. शिवण उसवून पाहण्याचा मोह टाळावा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह घ्यावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून शस्त्र कधी, कोणाकडून आले, म्यान कोठे दुरुस्त करून घेतले, याची नोंद करून ठेवावी. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रे प्रत्यक्ष पाहून तुलना करता येते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याखाली येतात आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता किंवा पाठवता येत नाहीत. जमिनीत सापडलेल्या शस्त्राला १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होऊ शकतो. धारदार शस्त्र बाळगण्याबाबत १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची स्थिती स्थानिक पोलिसांकडून समजून घेणे श्रेयस्कर.

राजेरजवाड्यांच्या शस्त्रांना बखरी, सनदा आणि लिलावांच्या सूची आहेत. महागावसारख्या भागातील शिलेदार, गढीकरी आणि शिबंदीतील शिपाई यांच्या शस्त्रांना असा कागद क्वचितच लाभतो. ज्या अनाम हाताने त्यांची म्यानं शिवली, त्याने आपले नाव लिहिले नाही, पण मुलुखाची रीत दोऱ्यात ओवून ठेवली. तो दोरा शाबूत राहिला तरच या शस्त्रांचा इतिहास कधीतरी लिहिता येईल.